जेलरोडचं घर आणि गंगापूर रोडचा पासवर्ड

आमच्या अख्ख्या खानदानात दर महिन्याला ज्याच्या कार्डावरून पैसे कटतात तो मी एकटा आणि बघणारे बाकी सगळे, ही वाटणी कधी झाली, कुणाच्या साक्षीने झाली मला ठाऊक नाही, पण सातबाऱ्यावर नोंद चढावी तशी ती पक्की झालीये. कुठल्या ॲपचं अकाउंट ते सांगत नाही. उगाच कुणीतरी वाचायचं आणि आहे तेही बंद व्हायचं.

सुरुवात लॉकडाऊनमधली. बहिणीचा मुलगा तेव्हा पुण्याहून येऊन आमच्याकडेच अडकला होता. तो म्हणाला मामा मोठा प्लॅन घे, चार स्क्रीन मिळतात. घरात टीव्ही एक, माणसं पाच, त्यातले बाबा फक्त बातम्या बघणार, मग चार स्क्रीन कशाला असं मी विचारलं तर म्हणे असू दे रे, लागतात. माझ्या ईमेलमध्ये लोनवाल्यांच्या जाहिरातींचा एवढा ढीग की कामाचं काही सापडायचंच नाही, म्हणून त्याने स्वतःचाच ईमेल टाकून अकाउंट काढून दिलं. कार्ड तेवढं माझं. हे ईमेलचं लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

पासवर्ड पहिल्यांदा घराबाहेर गेला तो दिवाळीत. आत्या आणि आतोबा नाशिकरोडहून आमच्याकडे गंगापूर रोडला फराळाला आले होते, टीव्हीवर कायतरी चालू होतं, आत्या म्हणाली हे आमच्याकडे का दिसत नाही गं, आणि आईने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच गंगापूर रोडवर बसून नाशिकरोडची केबल कापून आलोय. आतोबांनी शांतपणे खिशातून छोटी डायरी काढली, पेनाचं टोपण उघडलं आणि म्हणाले, सांग.

आता आमचे आतोबा कोण, तर करन्सी नोट प्रेसमधून रिटायर झालेले. प्रेस म्हणजे काय ते नाशिकवाल्याला सांगायला नको, १९२८ पासून तिथे देशाच्या नोटा छापतात. रोज आत जाताना तपासणी, बाहेर येताना झडती, एक कागदाचा कपटा इकडचा तिकडे झाला तर सगळ्यांना थांबवून ठेवणार. अख्खी नोकरी या माणसाने त्या शिस्तीत काढली. त्यामुळे मी निर्धास्त होतो, म्हणलं पासवर्ड कुठे सुरक्षित राहील तर याच डायरीत.

फोनवर स्पेलिंग सांगण्याचा जो प्रकार पुढे झाला तो वेगळाच. पासवर्ड होता गोदामाई आणि पुढे आकडे (आता बदललाय, प्रयत्न करू नका). रात्री आत्याचा फोन, "अरे गोदामाईच्या शेवटी आय एक का डबल ई?" म्हणलं आय. "आणि गो मध्ये ओ एक का दोन?" एक. "पहिलं अक्षर मोठं?" हो. "मग सगळीच मोठी पडतायत रे, रिमोटवर ते बारीक कुठनं करायचं?" शेवटी मागून आतोबांचा आवाज आला, "सोड, वरच्याला बोलव." हा वरचा कोण ते मला तेव्हा कळलं नाही आणि मी विचारलंही नाही, आत्याच्या घरी वरचा म्हणजे देव असेल किंवा पाण्याच्या टाकीवाला असेल.

त्यानंतर हळूहळू घरात चमत्कार व्हायला लागले. आईची निम्मी बघितलेली मालिका आपोआप शेवटच्या भागाला जाऊन बसायची. मुलीच्या कार्टूनच्या प्रोफाइलमध्ये रक्तबंबाळ पोस्टरं यायची. शनिवारी रात्री मी आठवड्याचा थकून टीव्हीसमोर बसावं आणि स्क्रीनवर सूचना, की सध्या तुमच्या अकाउंटवर जास्त लोक बघतायत, कुणालातरी थांबायला सांगा. कुणाला सांगू? आत्याला? मेव्हण्याला, जो आता सिडकोत बसून मॅच बघतोय आणि ज्याच्या बहिणीबरोबर मला राहायचंय? मी आपला मोबाईल घेऊन गॅलरीत जायचो आणि समोरच्या बिल्डिंगचं बांधकाम बघायचो.

प्रोफाइल एकूण पाचच करता येतात. आई, बायको, पिल्लू, मी अशी चार आमची. पाचवी एके दिवशी अचानक उगवली, नाव "राजे", चित्र निळ्या राक्षसाचं. घरात विचारलं, कुणी कबूल होईना. भाच्याला फोन केला, तो म्हणाला मी तर तुझीच वापरतो. मेव्हणा म्हणाला मी बायकोची वापरतो, तुझ्या बायकोची, म्हणजे ताईची. मग राजे कोण? राजे रात्री दोन-दोन वाजेपर्यंत हिंदीत डब केलेल्या कोरियन मालिका बघतात, मध्ये एखादा साउथचा मारधाडीचा पिक्चर, आणि सकाळी सातला योगासनं. योगासनं रोज फक्त पहिली पाच मिनिटं. मला हळूहळू या माणसाची ओढ लागली होती हे खरं. कधीकधी रात्री त्यांची प्रोफाइल उघडून बघायचो, नायिकेच्या आईने लग्नाला होकार दिला का नाही ते, म्हणजे राजे कुठवर पोचले ते.

बायकोने मात्र सरळ विषय काढला, "अहो पासवर्ड बदला ना, दोन मिनिटांचं काम." दोन मिनिटांचं काम! पासवर्ड बदलला की सगळीकडे एकदम टीव्ही बंद पडणार, मग सगळ्यांचे फोन येणार, मग त्या प्रत्येकाला नवीन पासवर्ड सांगायचा का नाही सांगायचा हे मी तोंडाने ठरवायचं. आत्याला नाही म्हणणार कोण? या बाईने मला लहानपणी मेन रोडला नेऊन दिवाळीचे कपडे घेऊन दिलेत.

बरं नीतीचा म्हणाल तर या विषयावर आमच्याकडे रीतसर चर्चा झालेली आहे, रविवारी सकाळी, मखमलाबादकडच्या एका मळ्यातल्या मिसळीवर, सगळी फौज हजर असताना. मी अंदाज घ्यायला म्हणून सहज बोललो की असं वाटत फिरणं म्हणजे एका अर्थी चोरीच की. आतोबांनी पाव मोडता मोडता विचारलं, "तू किती स्क्रीनचे पैसे भरतोस?" म्हणलं चारचे. "मग चारच जण बघतायत ना? पाचवा आला तर मशीनच अडवतं. कंपनीचं गेलं काय?" खरं सांगू का, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कंपन्यांचं म्हणणं असतं की चार स्क्रीन म्हणजे एका घरातल्या चार, आता कुठल्या नाशिककराच्या घरात चार माणसं चार खोल्यांत चार वेगवेगळे पिक्चर बघत बसतात ते मला दाखवा. तेवढ्या खोल्या असत्या तर मी इथे मिसळ खात बसलो असतो का.

मग आतोबांनी हुकमाचा पत्ता टाकला. म्हणाले, "सिनेमा या देशाला दिला कुणी? आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी. आणि आता आपणच पैसे मोजायचे?" टेबलावर माना डोलल्या, मेव्हण्याने तर रस्सा परत मागवला. तेवढ्यात माझी बायको पापड मोडत एवढंच म्हणाली, "हो ना, आणि १९१३ सालचा तो पिक्चर होता कुणावर? राजा हरिश्चंद्रावर." दोन मिनिटं कुणी काही बोललं नाही.

मी संधी साधून म्हणलं, अमेरिकेत टेनेसी नावाचं राज्य आहे, तिथे २०११ मध्येच कायदा झालाय, दुसऱ्याचं लॉगिन वापरून फुकट पिक्चर बघितला आणि पकडले गेलात तर वर्षभरापर्यंत जेल होऊ शकते. आतोबा शांतपणे म्हणाले, "आम्ही राहतोच जेलरोडला."

आता तुम्ही विचाराल तुझं स्वतःचं मत काय. माझं मत असं, की आई-वडील दुसऱ्या घरात राहतात म्हणून परके होत नाहीत आणि होस्टेलवरचं पोरगंही घरातलंच, पण हे कुठवर न्यायचं त्याला काहीतरी हिशोब पाहिजे. कंपनी म्हणते एका छताखाली राहतात ते घरातले. हे आपल्याला पटणं शक्य नाही, एका छताखाली तर आमच्या बिल्डिंगचा सेक्रेटरी पण राहतो. आपल्याकडे घरातलं कोण हे सुतक कुणाला आणि किती दिवस त्यावर ठरतं. लग्न झालेल्या मुलीला माहेरचं सुतक तीन दिवसांचं, म्हणजे त्या न्यायाने आत्याला पासवर्ड महिन्यातून तीन दिवस देता आला असता, मेव्हण्याला नुसती आंघोळ. पण हे आईसमोर बोलायची हिंमत कुणाची आहे.

गंमत म्हणजे ही सवय लोकांना लावली कुणी? नेटफ्लिक्सवाल्यांनीच २०१७ च्या मार्चमध्ये ट्विटरवर लिहिलं होतं की पासवर्ड शेअर करणं म्हणजे प्रेम. तेव्हा गिऱ्हाईक वाढत होतं, प्रेम परवडत होतं. मग २०२२ च्या पहिल्या तीन महिन्यांत त्यांची २ लाख गिऱ्हाइकं घटली, दहा वर्षांत पहिल्यांदाच, आणि मग कुणीतरी हिशोब मांडला की पैसे भरणारे २२ कोटी आणि वर १० कोटींपेक्षा जास्त घरं दुसऱ्याच्या पासवर्डवर बघतायत. प्रेम आटलं. आधी चिली, पेरू, कोस्टारिकात प्रयोग करून बघितला, मग कॅनडा-बिनडा, मग मे २०२३ मध्ये अमेरिका आणि २० जुलै २०२३ ला आपला नंबर लागला. बाहेरच्या बऱ्याच देशांत जास्तीचे पैसे भरून घराबाहेरचा माणूस जोडता येत होता, आपल्याकडे तीही सोय दिली नाही, ज्याचं त्याने नवीन अकाउंट काढायचं. का, तर इथले भाव त्यांनी २०२१ च्या डिसेंबरातच उतरवलेले, चार स्क्रीनचा ७९९ चा प्लॅन ६४९ वर आणलेला. लोक चिडले, शिव्या घातल्या, आणि गुपचूप पैसे भरले. २०२४ संपताना त्यांची गिऱ्हाइकं ३० कोटींच्या वर गेली होती. मग काय, बाकीच्यांनाही कंठ फुटला. प्राइमने तर २०२५ पासून डिव्हाइस मोजायला घेतले, एकूण पाच आणि त्यातले टीव्ही दोनच.

या सगळ्या बातम्या वाचून देशात सगळ्यात जास्त आनंद जर कुणाला झाला असेल तर तो मला. कारण मला जे जन्मात जमलं नसतं ते आता परस्पर होणार होतं. नाही म्हणायचं काम कंपनी करणार! मी फक्त वाईट वाटल्याचा चेहरा करायचा आणि म्हणायचं, काय करणार आत्या, त्यांचे नियम बदलले, माझ्या हातात असतं तर. आरशासमोर एकदा म्हणूनही बघितलं. चांगलं जमलं होतं.

आणि आमच्या ॲपचाही तो दिवस आला. मी ऑफिसातून आलो, अंबडहून येताना पावसात भिजलेलो, चहा घेतला, टीव्ही लावला. स्क्रीनवर लिहून आलं की हा टीव्ही या अकाउंटच्या घराचा भाग नाही.

मी परत वाचलं. हा टीव्ही म्हणजे माझा टीव्ही. माझ्या भिंतीवरचा. ज्याचे हप्ते मीच भरले तो.

झालं काय होतं, तर ह्या कंपन्या काय तुमच्या दारावरची पाटी बघायला येत नाहीत. कुठल्या इंटरनेट कनेक्शनवरून, कुठल्या डिव्हाइसवर, किती वापर होतोय ते बघून घर कुठलं ते ठरवतात. तुम्ही स्वतः आपलं घर नोंदवलं नसेल तर मशीनच नोंदवून टाकतं. आता आमच्या घरी टीव्ही लागणार रात्री तास-दोन तास, तेही जागा मिळाली तर. आणि जेलरोडला सकाळी सातला योगासनं, दुपारी आत्याची मालिका, संध्याकाळी आतोबांचा पिक्चर, रात्री दोनपर्यंत राजे. मशीनने हिशोब केला, पुरावे तपासले आणि निकाल दिला की घर जेलरोडला. मी गंगापूर रोडला राहणारा कुणीतरी लोचट नातेवाईक.

हो, तेव्हा मला कळलं की राजे जेलरोडचे.

खाली एक बटण होतं, की तुम्ही प्रवासात असाल तर तात्पुरता कोड मागवा. स्वतःच्या हॉलमध्ये लुंगीवर बसून मी प्रवासात असल्याचं बटण दाबलं. कोड गेला अकाउंटच्या ईमेलवर. ईमेल कुणाचा? भाच्याचा. कोड चालतो पंधरा मिनिटं आणि भाचा हिंजवडीत मीटिंगमध्ये. मी फोन करतोय, तो कट करतोय, मी परत करतोय, शेवटी त्याचा घाबरून मेसेज, मामा आजी बरी आहे ना? म्हणलं आजी बरी आहे, आजीची मालिका अडलीये. कोड आला तेव्हा वेळ संपलेली. परत मागवला. तो आला तेव्हा लाईट गेलेली. पावसाळ्यात आमच्याकडे लाईटचं काय ते सांगायला नको.

बायको म्हणाली आता तरी तुमचं घर नोंदवा. ते सोपं होतं, आपल्या टीव्हीवरून विनंती करायची, ईमेलवर लिंक येते, ती भाच्याने दाबायची, झालं. भाच्याने दाबली. घर जेलरोडहून गंगापूर रोडला आलं आणि त्याच क्षणी तिकडे आत्याचा टीव्ही बंद पडला. मी फोनकडे बघत चेहऱ्याची तयारी केली, पण आत्याने मला फोन केलाच नाही. तिने आईला केला. आई बराच वेळ नुसतं "हो ना", "खरंय", "आजकालची मुलं" असं म्हणत होती. फोन ठेवून मला म्हणाली, "तिला वाटतंय तू मुद्दाम केलंस." म्हणलं कंपनीने केलं. आई म्हणाली, "कंपनीला काय माहिती ती तुझी आत्या आहे."

याला काय बोलणार. रविवारी सकाळी चिवड्याचा पुडा घेऊन निघालो जेलरोडला. रविवार असून द्वारकाच्या चौकात गाड्या तुंबलेल्या, तिथे अडकून राहिलो असताना मनात भाषण जुळवत होतो, नियम, एक घर, माझा नाईलाज. बिटको सोडून जेलरोडला लागेपर्यंत भाषण तयार झालं. दार उघडलं ते एका पोराने. बनियन, हातात स्क्रू ड्रायव्हर. मागून आत्या म्हणाली, "ये ये, हा वरचा. आमचा भाडेकरू. राजे म्हणतात सगळे त्याला."

राजे माझ्या पायाच पडले. "दादा, तुमचं अकाउंट लय भारी," म्हणाले. सिन्नरच्या एमआयडीसीत कामाला, सेकंड शिफ्ट करून रात्री उशिरा येतात, मग झोप लागत नाही म्हणून कोरियन. योगासनांचं विचारलं तर लाजले. आत्याच्या घरातला टीव्ही, वायफाय, गिझर, सगळं हाच बघतो. मी हळूच आतोबांना म्हणलं की पासवर्ड यालाही? तर आतोबा म्हणाले, "अरे त्याने टीव्ही लावून दिला, त्याला काही द्यायला नको? पैसे घेत नव्हता." म्हणजे माझ्या पासवर्डवर आत्याच्या घराची मजुरी भागत होती. गिझरवाल्यालाही दिला होता म्हणे, पण त्याच्या फोनमध्ये जागा नव्हती. जन्मभर नोटा छापणाऱ्या माणसाला चलन कसं फिरवायचं ते मी काय शिकवणार.

भाषण राहिलंच. आत्याने शिरा केला होता. खाऊन झाल्यावर आतोबा म्हणाले, "तुझी अडचण मला कळली. आम्ही आमचं घेतो." आणि राजेंनी तिथल्या तिथे आतोबांच्या मोबाईलवरून, आतोबांच्या पेन्शनच्या खात्यातून, सगळ्यात स्वस्त एका स्क्रीनचा प्लॅन काढून दिला. मी येताना इतका हलका झालो होतो की द्वारकाला परत अडकलो तरी हॉर्न वाजवला नाही.

आता दुसरी बाजू ऐका. पैसे स्वतःच्या खात्यातून कटायला लागल्यापासून आतोबांच्या अंगात अख्खी प्रेस संचारलीये. पासवर्ड डायरीत नाही, कुठेच नाही, फक्त डोक्यात. टाकताना आत्यालाही तोंड फिरवायला लावतात. रात्री झोपताना टीव्हीवरून लॉगआउट, सकाळी परत लॉगिन, आणि मागच्या आठवड्यात कुणी काय बघितलं याची रविवारी तपासणी. आई चार दिवस राहायला गेली होती, तिने दुपारी सहज टीव्ही लावायला सांगितला तर म्हणाले, "वहिनी, तुमचं घर गंगापूर रोडला नोंदलेलं आहे ना?" आई आठवडाभर याच विषयावर बोलत होती.

आणि राजे? परवा रात्री त्यांचा मला फोन. नंबर आत्याने दिला असणार. खूप वेळ तब्येत-पाणी विचारलं, पाऊस विचारला, मग खाकरले.

"दादा, एक विचारायचं होतं. काका म्हणतात दुसऱ्याचं लॉगिन वापरलं की टेनेसीत वर्षभर जेल आहे. ते इकडे आपल्याला लागतं का?"

म्हणलं नाही, ते तिकडचं, अमेरिकेचं.

"नक्की ना?"

नक्की.

"मग तुमचा सांगा ना दादा, गोदामाईच्या पुढचे आकडे चालत नाहीयेत."